सिंधूचा देव उल्हासकाठी

एखाद्या देवाला रातोरात गाव सोडावं लागलं, तर त्याच्यासोबत काय काय न्यावं लागेल? मूर्ती उचलता येईल. पण देऊळ? गाभाऱ्यातला गारवा, झिजलेल्या पायऱ्या, जत्रेचं मैदान, पुजाऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट? आणि तो देव नदीचाच असेल, नदी हेच त्याचं रूप असेल, तर काय करायचं? ट्रंकेत नदी भरता येत नाही.

कोडं वाटतं ना? कल्याणच्या पलीकडे माणसांनी ते खरोखर सोडवून दाखवलंय. कल्याण सुटलं की रुळांना फाटा फुटतो. एक वाट कसाऱ्याकडे जाते, दुसरी कर्जतकडे. या बेचक्यात उल्हासनगर बसलेलं आहे. कसाऱ्याच्या वाटेवरचं पहिलं स्टेशन शहाड. जवळून उल्हास नदी वाहते, आणि स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की उल्हासनगरचा एक नंबरचा कॅम्प लागतो. होय, कॅम्पच. पाऊणशे वर्षं उलटली, महानगरपालिका झाली, तरी रिक्षावाला अजून विचारतो, ‘कितने नंबर?’ एक ते पाच, त्यातला आकडा सांगायचा.

इथे गुढीपाडव्याची गुढी उतरते न उतरते तोच सिंध्यांच्या चेटीचंड सणाची मिरवणूक निघते. कमळावर बसलेला, पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध, हातात पोथी, आणि खाली वाहन म्हणून मासा. हा झूलेलाल, सिंधू नदीचा देव. सिंधूपासून शेकडो कोस दूर, कोकणातल्या एका नदीच्या काठी तो आला कसा आणि रुजला कसा? या गोष्टीत जितकी श्रद्धा आहे तितकाच कठोरपणा आहे, आणि मला दोन्हींचं सारखंच नवल वाटतं.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. कराची आणि कल्याण एके काळी एकाच प्रांतात होती. सिंध १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १ एप्रिल १९३६ ला वेगळा झाला. म्हणजे जवळजवळ ९० वर्षं दोन्हीकडे एकाच गव्हर्नरचा कारभार होता! वेगळं झाल्यावर अवघ्या ११ वर्षांत दोहोंच्या मधे आंतरराष्ट्रीय सीमा आली.

आणि ती सीमाही कशी? पंजाब दुभंगला, बंगाल दुभंगला, पण सिंध मात्र अखंड राहिला. नेमकं त्यामुळेच तिथल्या हिंदूंना भारतात आपली म्हणावी अशी वीतभर जमीनही मिळाली नाही. पंजाबी निर्वासिताला निदान अर्धा पंजाब होता. सिंधी माणसाला राज्य नाही, जिल्हा नाही, तालुकाही नाही. १९४१ च्या जनगणनेत सिंधची वस्ती ४५ लाखांच्या वर होती आणि त्यात हिंदू पाव हिश्शाहून जास्त होते. पुष्कळांना आधी वाटलं, थांबू, निवळेल. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली, घरं लुटली गेली, आणि थांबलेल्यांचा धीर सुटला. कराची बंदरातून बोटीमागून बोटी मुंबईकडे आणि काठेवाडच्या बंदरांकडे निघाल्या. काही महिन्यांत सुमारे दहा लाख माणसांनी सिंध सोडला.

बोटीवर जागा मोजकी. बायकामुलांना पुढे धाडायचं आणि कर्त्या पुरुषाने मागे थांबून घरादाराचं काही होतंय का बघायचं, की सगळ्यांनी एकत्र निघायचं? दुकान मिळेल त्या किमतीला फुंकून टाकायचं की कुलूप लावून किल्ली शेजारच्या मुसलमान दोस्ताकडे द्यायची? म्हाताऱ्या आईने उंबरा सोडायला नकार दिला तर? असे निर्णय घेताना विचार करायलाही फुरसत नसते. ते घेणाऱ्याला पुढे आयुष्यभर त्यांच्यासोबत राहावं लागतं.

कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात लष्कराने एक मोठी छावणी उभारली होती. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी ओस पडल्या. दोन हजारांहून जास्त बराकी! लाखाच्या घरात निर्वासित तिथे आणून ठेवले गेले. एकेका लांबलचक बराकीत कितीतरी कुटुंबं राहू लागली, आणि दोन संसारांच्या मधे भिंत कसली, तर गोणपाटाचा पडदा. पलीकडे मूल रडलं की इकडचं जागं व्हायचं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि नदीवरून गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधूकाठच्या माणसांच्या वसाहतीला पुन्हा एका नदीचंच नाव मिळावं, हा योग मला फार सुंदर वाटतो.

आता देवाकडे येऊ. कथा अशी आहे. ठठ्ठ्याचा राजा मिर्खशाह याने हिंदूंना धर्म बदलण्याचं फर्मान काढलं. लोक सिंधूच्या काठी गेले, चाळीस दिवस व्रतस्थ राहिले आणि नदीची करुणा भाकली. चाळिसाव्या दिवशी आश्वासन मिळालं, की नसरपूरला एक मूल जन्माला येईल. तो उडेरोलाल, म्हणजेच झूलेलाल. त्याचा मासा कोणता? पल्ला, म्हणजे बंगाल्यांचा लाडका हिलसा. समुद्रात वाढणारा हा मासा अंडी घालायला नदीत शिरतो आणि प्रवाहाच्या उलट पोहत जातो. सिंधमधली जुनी समजूत अशी, की तो सक्करजवळच्या बेटावरच्या झिंदा पीराच्या दर्शनाला जातो. पुढे १९५५ मध्ये कोटरीचा बंधारा झाला आणि पल्ल्याची वर जाण्याची वाट अडली. देवाचे भक्त सिंधबाहेर पडले आणि थोड्याच वर्षांत देवाच्या वाहनाचीही वारी चुकली!

आणि आता खरं नवल ऐका. आज झूलेलाल म्हणजे सिंधी आणि सिंधी म्हणजे झूलेलाल असं आपण सहज म्हणून जातो. पण सिंधमध्ये तसं नव्हतं. तिथे तो मुख्यतः सिंधूला पूजणाऱ्या दर्यापंथीयांचा देव. बाकीचे सिंधी हिंदू बहुतांशी नानकपंथी होते. त्यांच्या टिकाण्यांमध्ये, म्हणजे प्रार्थनास्थळांमध्ये, गुरुग्रंथसाहेब असायचा. तेच लोक सेहवानला लाल शाहबाझ कलंदराच्या दर्ग्यात नवस फेडायचे आणि सूफी कवी शाह अब्दुल लतीफ भिटाईंच्या बैती तोंडपाठ म्हणायचे. भिटाईंच्या ‘रिसालो’चं गाजलेलं संपादन करणारे होतचंद गुरबक्षाणी हिंदूच होते. खुद्द उडेरोलाल या गावी देवाचं स्थान कसं आहे? एकाच कोटाच्या आत मंदिर आणि दर्गा शेजारी शेजारी आहेत. हिंदूंसाठी तो उडेरोलाल, मुसलमानांसाठी शेख ताहिर. सिंधमधला माणूस या सगळ्यातून सहज वावरायचा. तू नक्की कोण, असं विचारायला त्याच्याकडे कुणी येत नव्हतं.

भारतात आल्यावर मात्र तो प्रश्न विचारला जाऊ लागला. अंगात सलवार, ओठांवर पिरांची नावं, लिपी अरबी वळणाची. ज्या धर्मामुळे घर सुटलं त्या धर्माचे तुम्ही खरे आहात का, अशी शंका इथल्या नजरांत असायची. या कात्रीतून सुटायचं कसं?

इथे प्राध्यापक राम पंजवाणी यांचं नाव घ्यायला हवं. हा सिंधीचा अध्यापक, लेखक आणि गवई. मातीचं मटकं वाजवत गाणारा. मुंबईत आल्यावर त्यांनी ओळखलं, की इतस्ततः विखुरलेल्या या माणसांना एका धाग्यात ओवेल असं काहीतरी हवं. त्यांनी झूलेलालला पुढे आणलं. चेटीचंड साऱ्या सिंध्यांचा सण म्हणून साजरा व्हावा म्हणून ते गावोगाव गात फिरले. निवड किती अचूक होती बघा! हा देव सिंधचाच, म्हणजे इतर कुणाचा उसना घेतलेला नाही. तो हिंदू ओळखीत बसतो. आणि त्याची कथाच मुळी जुलमातून सुटकेची, म्हणजे बराकीत बसलेल्या माणसाला ती जुनी पुराणकथा वाटण्याऐवजी कालपरवाची वाटावी. जे दैवत एका पंथाचं होतं ते वीसपंचवीस वर्षांत साऱ्या समाजाचं झालं. श्रद्धा आपण वारशाने मिळाली असं समजतो. इथे ती जाणतेपणी निवडली गेली, आणि तरी ती तसूभरही खोटी नाही. मला या साऱ्या प्रकरणातलं हे सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं.

निवड म्हटली की काहीतरी टाकावंही लागतं. पिरांची नावं हळूहळू मागे पडली. अगदी पुसली गेली नाहीत. रोहरीचे सूफी संत साईं रोचलदास फाळणीनंतर याच कॅम्पात राहिले आणि त्यांचा दरबार आजही आहे. पण नातवंडांच्या पिढीला भिटाई हे नाव अनोळखी वाटू लागलं. जगायचं तर हे सोडावं लागेल, असं कुणी सभा भरवून ठरवलं नाही. ते घराघरात, गुपचूप ठरत गेलं.

आता पहिल्या कोड्याकडे वळू. नदी कशी आणली? त्यासाठी झूलेलालच्या पूजेतला बहराणो जवळून बघायला हवा. पितळेचं एक ताट घ्यायचं. कणीक मळून त्याचा दिवा करायचा, पाच वातींचा. तुपाने भरून ताटाच्या मधोमध ठेवायचा. भोवती खडीसाखर, वेलदोडे, फळं, फुलं. शेजारी पाण्याने भरलेला कलश आणि त्यावर नारळ. मग ढोलाच्या ठेक्यावर छेज नाचत, टिपऱ्या घेत, ते ताट पाण्यापाशी न्यायचं. पाण्यात तांदूळ-साखरेचा ‘अखो’ सोडायचा, आणि शेवटी सगळ्यांनी पदर पसरून मागणं मागायचं. पुरुषही उपरण्याचा पदर पसरतात. झालं! यादी पुन्हा वाचा. तिच्यात एक तरी वस्तू अशी आहे का, जी निर्वासित छावणीच्या रेशनात आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळणार नाही? देऊळ लागत नाही, जमीन लागत नाही. आणि पाणी सिंधूचंच हवं अशीही अट नाही. उल्हासचं चालतं, विहिरीचं चालतं, मुंबईत समुद्राचं चालतं. पाणी जिथे असेल तिथे देव आहे. असा देव विस्थापिताला कुठेही भेटतो. हाँगकाँगमध्ये भेटतो आणि लागोसमध्येही.

कॅम्प नंबर पाचमध्ये झूलेलालचं चालिया साहेब मंदिर आहे. तिथली अखंड ज्योत सिंधमधल्या पीरगोठहून आणली, असं भाविक सांगतात. ज्योत म्हणजे तरी काय? विरजणासारखीच ती. मूळ भांडं कुठे गेलं याला महत्त्व नाही, चमचाभर पुढे लावता आलं की झालं.

शहाडची आणखी एक गंमत इथेच सांगून टाकतो. याच स्टेशनाजवळ सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे आणि बिर्लांनी बांधलेलं विठ्ठलाचं मंदिर आहे. लोक त्याला प्रतिपंढरपूर म्हणतात. ज्याला पाळी चुकवून पंढरीला जाता येत नाही, असा आसपासचा चाकरमानी आषाढीला इथे रांग लावतो. २०२४ साली आषाढी एकादशी १७ जुलैला आली. आदल्याच दिवशी, १६ जुलैला, सिंध्यांचा चालिहो सुरू झाला होता. चंद्रभागेकाठचा देव आणि सिंधूकाठचा देव, दोघेही आपापल्या नद्या सोडून उल्हासच्या काठी एकमेकांचे शेजारी झालेत!

चालिहो म्हणजे तेच चाळीस दिवसांचं व्रत. १६ जुलै ते २४ ऑगस्ट. मिर्खशाहच्या काळी पूर्वजांनी केलं म्हणून आपणही करायचं. व्रत धरणारा मांसमच्छी सोडतो, जमिनीवर झोपतो, पुष्कळ जण चपला घालत नाहीत. भर पावसात, उल्हासनगरच्या चिखलात, अनवाणी. ज्यांच्याकडे आधीच काही उरलं नव्हतं त्यांनी स्वतःहून आणखी हाल का करून घ्यावेत? तर्काला हे पटत नाही. उलट, संकटात सापडलेल्या समाजाने देवधर्माचा खर्च आणि त्रास कमी करायला हवा, नाही का?

याचं उत्तर शोधायला थोडं अमेरिकेत जाऊ. एकोणिसाव्या शतकात तिथे एकत्र राहणाऱ्या, एकत्र कमावणाऱ्या शेकडो वसाहती निघाल्या. काही धार्मिक, काही केवळ समाजवादी विचारांच्या. बहुतेक मोडल्या. रिचर्ड सोसिस या मानववंशशास्त्रज्ञाने आणि एरिक ब्रेसलर यांनी अशा ८३ वसाहतींचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी मोजलं काय? प्रत्येक वसाहतीने सभासदांवर किती कडक बंधनं घातली होती: हे खायचं नाही, ते प्यायचं नाही, दागिने घालायचे नाहीत, बाहेरच्यांशी संबंध ठेवायचा नाही. धार्मिक वसाहतींत जितकी बंधनं जास्त, तितकी वसाहत जास्त वर्षं टिकली. आणि निधर्मी वसाहतींत? तिथे बंधनांनी काहीच फरक पडला नाही! नुसता त्रास माणसांना जोडत नाही. त्रासाला पवित्रतेचा आधार लागतो.

असं का व्हावं? सोपं आहे. तोंडाने ‘मी तुमच्यातला’ कुणीही म्हणेल. चाळीस दिवस चिखलात अनवाणी चालणारा मात्र ते सिद्ध करतो. कष्टाची खूण खोटी करता येत नाही.

आता हे उल्हासनगरच्या बाजारात नेऊन बघा. बराकीतल्या माणसाकडे तारण ठेवायला घर नाही, शेत नाही. त्याला कर्ज कोण देणार? सिंध्यांमध्ये व्यापाराची परंपरा फार जुनी आहे. शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या एके काळी थेट बुखाऱ्यापर्यंत वटत. पण ती सगळी उलाढाल शब्दावर चालायची, आणि शब्द कुणाचा धरायचा हे ओळखण्यावर. गाव विखुरलं, जुनी ओळख तुटली. मग नवी ओळख कशावर बांधायची? माझं मत असं, की चालिहोसारख्या व्रतांनी हे काम नकळत केलं. देवासाठी जो नेम मोडत नाही तो उधारी बुडवणार नाही, एवढा तरी अंदाज बांधता येत होता.

आणि कष्ट तर काय वर्णावेत! बायकांनी बराकींत पापड लाटले. पुरुषांनी आणि पोरांनी ते पापड, गोळ्या, रुमाल, बनियन लोकलच्या डब्यांतून विकले. कालपर्यंत ज्याच्या हवेलीत नोकर होते तो कल्याण-व्हीटी गाडीत ‘गोली, बिस्कुट’ ओरडत फिरायचा. त्यांनी नफा कमी घेतला आणि माल जास्त फिरवला. त्यामुळे जुन्या दुकानदारांचा रोष ओढवला आणि सिंध्यांना नावं ठेवणारे विनोद सुरू झाले. ते विनोद मला कधीच रुचले नाहीत. भीक मागायची नाही हे एकदा मनाशी पक्कं ठरवल्यावर माणसाला इतर बऱ्याच बाबतींत कठोर व्हावं लागतं: स्वतःच्या लाजेशी, पोराच्या शाळेशी, स्पर्धकाच्या तक्रारीशी.

भाषेचा निर्णयही असाच कठोर. सिंधीत चार व्यंजनं अशी आहेत, जी उच्चारताना हवा बाहेर फेकायच्या ऐवजी आत ओढली जाते. करून बघा, सहजासहजी जमणार नाही! अरबी वळणाच्या सिंधी लिपीत त्यांना स्वतंत्र अक्षरं होती. देवनागरीत ती नव्हतीच, म्हणून ग, ज, ड, ब यांच्याखाली आडवी रेघ देऊन नवी अक्षरं घडवावी लागली: ॻ, ॼ, ॾ, ॿ. पण कोणती लिपी धरायची? जुनी धरली तर मुलं भारतात परकी ठरतील. देवनागरी धरली तर आजोबांची पुस्तकं नातवाला वाचता येणार नाहीत. भांडणं झाली, साहित्यिकांत तट पडले, शेवटी दोन्ही लिप्या चालू राहिल्या. १० एप्रिल १९६७ ला सिंधी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तोवर पालकांनी मात्र तिसराच मार्ग धरला होता: मुलांना इंग्रजी शाळेत घातलं. पोट भरणारी भाषा निवडली. २०११ च्या जनगणनेत देशभरात सिंधी मातृभाषा सांगणारे सुमारे २७ लाख ७२ हजार होते, आणि त्यातल्या तरुणांपैकी किती जण दोन्हींपैकी एका तरी लिपीत सहज वाचतात हे कुठल्याही सिंधी आजीला विचारा. देव पाण्यावर तरला. भाषेला मात्र शाळा लागते, वर्तमानपत्र लागतं, कचेरी लागते. राज्यच नसेल तर हे सगळं कोण पुरवणार?

आणि ज्या पाण्याच्या आधाराने देव तरला, त्याचं काय? अंबरनाथच्या डोंगरांतून निघणारी वालधुनी १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरातून वाहते. बराकीतून उभ्या राहिलेल्या धंद्यांपैकी एक जीन्सचा. कापड शिवून, रंगवून, धुऊन देशभर पाठवायचं. धुलाईचं निळं-काळं पाणी वालधुनीत जात राहिलं. प्रकरण हरित लवादापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, धुलाईचे कारखाने बंद करावे लागले, आणि तिथे राबणाऱ्या, बहुतेक उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची रोजी गेली. म्हणजे ज्यांनी निर्वासित म्हणून इथे सुरुवात केली, त्यांच्या गावातून आता दुसऱ्या कुणाला तरी गाठोडं बांधून निघावं लागलं.

उल्हासलाही दर उन्हाळ्यात शहाड-मोहने भागात जलपर्णीचा हिरवा थर धरतो. इथूनच उचललेलं पाणी टेमघरला शुद्ध होतं आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला जातं. या नदीतून काय वाहू द्यायचं आणि काय थांबवायचं, त्यासाठी कोणाच्या पोटावर पाय येणार आणि त्याची सोय कोण करणार, हे ठरवायचं अजून बाकी आहे. चेटीचंडला या पाण्यात दिवा सोडणाऱ्यांनी ते ठरवायचं आहे आणि ठाण्यात त्याच पाण्याखाली हंडा धरणाऱ्यांनीही.